विमानात आणखी कोण होते?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाला आपल्यापैकीच एका गृहिणीने कोणत्याही एका विषयावर चार शब्द बोलावेत, असा आपल्या मंडळाचा शिरस्ता आहे. आजवर येथे उन्हाळी वाळवणे, मुलींचे शिक्षण, बचतगटाचा हिशेब अशा उपयोगी विषयांवर भाषणे झाली. यंदा पाळी माझ्यावर आली. मी सातवी शिकलेली, संसारात बुडालेली बाई. भाषणाची मला सवय नाही, तेव्हा बोलणे ओबडधोबड झाले तर सांभाळून घ्यावे, ही विनंती.

मी विषय घेतला आहे तो युद्धाच्या दिवसांत टपाल आणि उतारू घेऊन जाणाऱ्या मुलकी विमानांचा, आणि त्या विमानांबरोबर नाहीशा झालेल्या माणसांचा. काही जणी म्हणतील, आपल्या धाराशिवच्या बायकांना विमानांशी काय करायचे आहे? म्हणणे खोटे नाही. पण गेले वर्षभर दुपारच्या फावल्या वेळात मी वाचनालयातून पुस्तके आणून वाचली, काही जुने वृत्तांत मुलीकडून फोनवर काढून घेतले, आणि वाचता वाचता मला दिसले की हा विषय विमानाचा कमी आणि घराचा जास्त आहे. माणूस घरातून निघतो, पोहोचत नाही, आणि मागे राहिलेल्यांना कोणी नीट सांगत नाही. हे दुःख आपल्या ओळखीचे आहे.

पहिल्याने विलायतेतली एक गोष्ट सांगते, म्हणजे विषय समजेल.

दुसऱ्या महायुद्धात जवळजवळ सारे युरोप जर्मनीच्या टाचेखाली होते. पोर्तुगाल मात्र लढाईत नव्हता. त्यामुळे त्याच्या राजधानीतून, लिस्बनहून, इंग्लंडला एक मुलकी विमान नेमाने जात असे. त्यात टपाल असे, सरकारी कागद असत, व्यापारी, वार्ताहर, आणि इंग्लंडात घरी परतणाऱ्या बायका-मुले असत. हे विमान चालवणारे वैमानिक डच होते. जर्मनीने १९४० साली त्यांचा देश घेतला, तेव्हा ते आपली विमाने घेऊन इंग्लंडला आले होते. विमानावर तोफ नाही, बंदूक नाही. आपल्याकडे गावात गडबड असली तरी एस. टी. सुटतेच, आणि ज्याला जाणे भाग आहे तो देवाचे नाव घेऊन बसतो, तसाच तो प्रकार होता.

१९४३ सालच्या १ जूनला असेच एक विमान लिस्बनहून निघाले. त्याचे नाव 'आयबिस'. पूर्वी दोनदा त्याच्यावर हल्ला होऊन ते वाचले होते. या वेळी बिस्केच्या उपसागरावर आठ जर्मन लढाऊ विमानांनी त्याला गाठले आणि पाडले. १३ उतारू आणि ४ कर्मचारी, मिळून १७ माणसे गेली. एकही वाचले नाही.

त्या विमानात लेस्ली हॉवर्ड नावाचा सिनेमातील मोठा नट होता. 'गॉन विथ द विंड' या १९३९ च्या गाजलेल्या चित्रपटात त्याने काम केले होते. झाले! साऱ्या जगाने ती बातमी 'लेस्ली हॉवर्ड गेला' अशी वाचली. पुढे आणखी एक वदंता उठली. त्याच्याबरोबरचा चेनहॉल्स नावाचा गृहस्थ अंगाने स्थूल होता आणि चिरूट ओढीत असे. त्याला पाहून जर्मन हेरांना वाटले की इंग्लंडचे पंतप्रधान चर्चिल साहेबच विमानात बसले, आणि म्हणून विमान पाडले. चर्चिल तेव्हा आफ्रिकेच्या दौऱ्यावर होते, आणि पुढे त्यांनी आपल्या आठवणींतही ही हकीगत लिहिली. जर्मन वैमानिकांचे म्हणणे मात्र निराळे पडले. त्या वाटेने मुलकी विमान येईल याची आपल्याला कल्पना दिली नव्हती, असे ते म्हणाले. हा वाद आजतागायत मिटलेला नाही.

या साऱ्या वादात एक नट आणि एक पंतप्रधान, एवढीच दोन नावे फिरत राहतात, आणि त्यांतला एक तर विमानात नव्हताच! मग विमानात आणखी कोण होते? मी ती यादी वाचली. रोथा हचिअन नावाची एक आई होती आणि तिच्या दोन मुली होत्या. एक शाळकरी, दुसरी अजून कडेवरची. सेसेलिया पेटन नावाची बाई होती. स्टोनहाउस नावाचा वार्ताहर आणि त्याची पत्नी होती. विल्फ्रिड इस्रायल नावाचे गृहस्थ होते. बर्लिनच्या मोठ्या व्यापारी घराण्यातले हे गृहस्थ. हिटलरच्या छळातून ज्यू मुलांना इंग्लंडला पोहोचवण्याच्या कामात त्यांचा हात होता. सुमारे १०,००० मुले त्या मार्गाने वाचली. ज्याने परक्यांची लेकरे वाचवली, त्याचे नाव नटाच्या नावाखाली झाकले गेले.

आणखी एक बारीकशी गोष्ट. हॉवर्ड आणि चेनहॉल्स यांना जागा हवी होती, म्हणून एका लहान मुलाला आणि त्याला सांभाळणाऱ्या बाईला ऐन वेळी विमानातून उतरवले होते. जागा गेली म्हणून त्या बाईला त्या वेळी किती वाईट वाटले असेल! त्या जागेबरोबर दोघांचे मरणही दुसऱ्याकडे गेले.

आता या गोष्टीचा शोध कसा लागला ते ऐका. सरकारने सगळे आपण होऊन सांगितले असे नाही. १९५७ साली इयन कॉल्व्हिन नावाच्या पत्रकाराने कागद आणि माणसे धुंडाळून या एका विमानावर पुस्तक लिहिले. १९८१ साली लेस्ली हॉवर्डच्या मुलाने आपल्या बापाच्या शोधाचे पुस्तक प्रसिद्ध केले. आणि त्याच विमानात गेलेल्या एका खाण-इंजिनियराच्या नातवाने खटपट करून २००९ साली लिस्बनच्या विमानतळावर सर्वांच्या स्मरणार्थ फलक बसवला. पुढच्या वर्षी इंग्लंडातही फलक लागला. पाहा, ६६ वर्षांनी! ज्या आजोबांना त्यांच्या घराबाहेर कोणी ओळखत नव्हते, त्यांच्या नातवाने एकट्या आजोबांचे नाव लावले नाही, बरोबरच्या सगळ्यांची आठवण ठेवली. मला ही गोष्ट फार मोलाची वाटली.

ही झाली परदेशची हकीगत. आता आपल्या मुंबईच्या विमानाकडे येऊ. या गोष्टीत मराठी माणसे आहेत, आणि तरीही आपल्यातल्या किती जणींना ती ठाऊक आहे, कोण जाणे.

एअर इंडियाचे 'काश्मीर प्रिन्सेस' नावाचे विमान होते. १९५५ च्या एप्रिलात इंडोनेशियातील बांडुंग या गावी आशिया आणि आफ्रिकेतील देशांची मोठी परिषद भरायची होती. पंडित नेहरू जाणार होते, चीनचे पंतप्रधान चौ एन लायही जाणार होते. चीनने आपल्या मंडळींना नेण्यासाठी हे विमान भाड्याने घेतले. तो काळ नावाला शांततेचा होता. प्रत्यक्षात चीन आणि तैवान यांच्यामधल्या समुद्रात त्या हिवाळ्यात तोफा धडधडत होत्या.

११ एप्रिल १९५५ रोजी दुपारी हाँगकाँगहून विमान निघाले. कप्तान होते दामोदर काशिनाथ जटार. त्यांच्या जोडीला सहवैमानिक दीक्षित, मार्ग दाखवणारे पाठक, देखभालीचे इंजिनियर अनंत कर्णिक, विमानातले इंजिनियर डिकुन्हा, उतारूंची व्यवस्था पाहणारे डिसूझा आणि पिमेंटा, आणि हवाई सुंदरी ग्लोरिया बेरी. असे ८ कर्मचारी. उतारू ११. एकूण १९.

सुमारे पाच तासांनी, १८,००० फूट उंचीवर, धडाका झाला. उजव्या पंखाला आग लागली, आत धूर कोंडला. खाली समुद्राशिवाय काही नाही. कप्तान जटारांनी विमान पाण्यावर उतरवण्याचा प्रयत्न केला. बिनतारी यंत्र बंद पडेपर्यंत कर्मचाऱ्यांनी आपण कोठे आहोत हे कळवले. ग्लोरिया बेरी या मुलीने त्या धुरात उतारूंना तरंगण्याची जाकिटे वाटली. भगिनींनो, स्वयंपाकघरात पदराला ठिणगी लागली तरी आपण किती घाबरतो! आणि ही मुलगी जळत्या विमानात दुसऱ्यांना जाकीट देत होती.

विमान नातुना बेटांजवळ समुद्रात पडले आणि फुटले. १६ जण गेले. दीक्षित, पाठक आणि कर्णिक हे तिघे पोहत राहिले आणि वाचले. पुढे इंग्रजांच्या आरमाराच्या एका जहाजाने त्यांना नेले. कप्तान जटार आणि ग्लोरिया बेरी यांना मरणोत्तर अशोकचक्राचा मान मिळाला. वाचलेल्या तिघांच्या धैर्याचाही सरकारने गौरव केला. कर्णिकांनी या प्रसंगावर पुढे पुस्तक लिहिले.

मग प्रश्न आला, हे झाले कसे? यंत्र बिघडले की कोणी घातपात केला? समुद्राच्या तळातून अवशेष काढण्यात आले. इंडोनेशियाच्या चौकशी समितीने मे महिन्याच्या अखेरीस निर्वाळा दिला, की उजव्या बाजूच्या चाकाच्या खोबणीत वेळेवर उडणारा बाँब ठेवला होता. आपल्या सरकारतर्फे रामेश्वरनाथ काव नावाचे एक तरुण अधिकारी तपासात होते. हेच पुढे, १९६८ साली, देशाच्या परदेशी हेरखात्याचे पहिले प्रमुख झाले. हाँगकाँगच्या पोलिसांचा संशय विमानतळावरील एका सफाई कामगारावर गेला. पण पकडण्याआधीच तो तैवानला निघून गेला, आणि तैवानने त्याला परत दिले नाही. त्यामुळे खटला उभा राहिलाच नाही.

बाँब चौ एन लाय यांच्यासाठी होता असे मानतात. ते त्या विमानात बसलेच नाहीत. त्यांचे पोटाचे ऑपरेशन झाले होते, आणि ते पुढे दुसऱ्या विमानाने परिषदेला गेले. त्यांना आधी कुणकुण लागली होती का, यावर जाणकार अजून वाद घालतात. एवढे मात्र नक्की, की चीन सरकारने आदल्या दिवशी इंग्रज वकिलातीला सावधगिरीची सूचना दिली होती. सूचना एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत गेली, आणि विमान ठरल्या वेळी उडाले.

म्हणजे येथेही तीच तऱ्हा. ज्याच्यावर नेम होता तो विमानात नव्हता. जे होते त्यांच्यावर कोणाचाच राग नव्हता. पण पुस्तकात पाहा, लेखात पाहा, 'चौ एन लाय यांच्यावरील हल्ला' असाच या गोष्टीचा मथळा असतो.

त्या ११ उतारूंत बहुतेक चिनी वार्ताहर आणि अधिकारी होते. एक व्हिएतनामचा होता, एक पोलंडचा. एक होते ऑस्ट्रियाचे डॉक्टर फ्रिट्झ येन्सेन. त्यांची हकीगत वाचताना मला एकदम आपले सोलापूर आठवले. १९३८ साली जपानने चीनवर स्वारी केली असताना सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस जखमी चिनी सैनिकांच्या सेवेला गेले आणि १९४२ साली तेथेच वारले. शांतारामबापूंनी त्यांच्यावर चित्रपट काढला, तो आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. डॉ. येन्सेनही त्याच सुमारास, १९३९ साली, स्पेनच्या युद्धानंतर चीनला रुग्णसेवेसाठी गेले होते. पुढे ते वार्ताहर झाले, आणि बांडुंगला जाताना आपल्या जटारांच्या विमानात, आपल्या माणसांबरोबर, समुद्रात गेले. सोलापूरचा डॉक्टर चीनमध्ये गेला आणि त्याच सेवेतला दुसरा डॉक्टर मुंबईच्या विमानात गेला. बीजिंगच्या बाबाओशान येथील स्मशानभूमीत त्या ११ उतारूंचे स्मारक आहे.

आता कोणी विचारील, निःशस्त्र विमानावर हात उचलायला माणसाला धजते कसे? याचे एक कारण मला आपल्या शेजारीच सापडले. १९४८ साली आपला जिल्हा निजामाच्या राज्यात होता. त्या वर्षी सिडनी कॉटन नावाचा एक ऑस्ट्रेलियन साहेब कराचीहून रात्रीच्या अंधारात मुलकी बनावटीच्या विमानांतून निजामासाठी शस्त्रे आणीत असे, आणि ती विमाने बीदर आणि वरंगळला उतरत. बीदर म्हणजे आपल्या उमरग्याच्या पलीकडेच की! त्या शस्त्रांच्या जोरावर निजाम टिकला नाही. सप्टेंबरात सोलापूरकडून नळदुर्गवरून हिंदी फौज आली आणि पाच दिवसांत कारभार आटोपला. पण याच कॉटनने महायुद्धाच्या तोंडावर, १९३९ साली, व्यापारी असल्याचा बहाणा करून साध्या प्रवासी विमानातून जर्मनीचे चोरून फोटो काढले होते. दुधात कोणी एकाने पाणी घातले म्हणजे साऱ्या गवळ्यांवर संशय जातो. साध्या विमानातून असली कामे होऊ लागली, की खरोखरच साध्या विमानातल्या बायका-मुलांकडेही शत्रू संशयाने बघू लागतो. फसवणूक करणारा निसटतो आणि भोग भलत्याच्याच वाट्याला येतात.

आपल्या देशात असे घडले १९६५ साली. पाकिस्तानशी युद्ध चालू होते. गुजरातचे मुख्यमंत्री बळवंतराय मेहता १९ सप्टेंबरला लहानशा विमानाने कच्छच्या बाजूला निघाले. बळवंतरायांचे नाव आपल्याला परके नसावे. १९५७ च्या त्यांच्या समितीने ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद अशा तीन पायऱ्यांचा कारभार सुचवला. आज आपल्यातल्या काही जणी पंचायतीत निवडून जातात, त्याची वाट तेथून सुरू होते. शिवाय १९५६ पासून १९६० पर्यंत कच्छ आणि आपला जिल्हा एकाच मुंबई राज्यात होते.

त्या विमानाने पंख हलवून 'आम्ही लढाऊ नाही' अशी खूण केली. तरीही पाकिस्तानी लढाऊ विमानाने ते सुथरी गावाजवळ पाडले. ८ जण गेले. मुख्यमंत्री, त्यांच्या पत्नी सरोजबेन, तीन कर्मचारी, एक वार्ताहर आणि दोन वैमानिक. मुख्य वैमानिक होते जहांगीर इंजिनियर, पूर्वी हवाई दलात नाव मिळवलेले.

या गोष्टीला पुढे जे वळण लागले ते ऐकण्यासारखे आहे. ज्याने ते विमान पाडले, तो पाकिस्तानी वैमानिक कैस हुसेन, त्याने ४६ वर्षांनी, २०११ साली, जहांगीर इंजिनियर यांच्या मुलीला पत्र लिहिले. आपल्याला जमिनीवरून हुकूम मिळाला आणि आपण तो पाळला, असे सांगून त्याने त्या सर्वांच्या मृत्यूबद्दल दुःख व्यक्त केले. आणि त्या मुलीने उत्तर दिले, क्षमेचे. तिने त्याला दोष दिला नाही. युद्धात तोही एक प्यादेच होता, असे तिने मोठ्या मनाने मानले. मी ती हकीगत वाचली तेव्हा हातातले काम थांबले. क्षमा करायलासुद्धा काय घडले ते आधी कळावे लागते. तिच्या बापाला कोणी पाडले, कसे पाडले, हे तिला कळले; म्हणून तिला क्षमा करता आली. ज्यांना काहीच कळत नाही, त्यांनी कोणावर रागवावे आणि कोणाला क्षमा करावी?

असे न कळणे मी आमच्या घरात पाहिले आहे. म्हणूनच हा विषय मला सोडवेना.

माझ्या आजेसासूबाईंच्या धाकट्या जाऊबाई, आम्ही सगळे त्यांना धाकटी आजी म्हणत असू. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांची सत्तरी उलटली होती. त्यांचे यजमान पोट भरायला मुंबईला गेले होते. बार्शीच्या लहान गाडीने कुर्डुवाडी, आणि तेथून पुढे मुंबई. बोटीच्या धक्क्यावर हमाली मिळाली. गावाकडच्या ओळखीच्या माणसाबरोबर पैसे येत, निरोप येत. मग १९४४ च्या उन्हाळ्यात दोन्ही थांबले.

१४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' नावाच्या बोटीला आग लागून मोठा स्फोट झाला. बोटीत कापूस होता, दारूगोळा होता आणि सोन्याच्या विटाही होत्या. आग विझवायला गेलेले ६६ जवान त्यात गेले. त्यांच्या स्मरणार्थ आजही १४ एप्रिलला अग्निशमन दिवस पाळतात. एकंदर माणसे किती गेली, याचा आकडा मात्र कोणी ७००-८०० सांगतात, कोणी १,३००. सोन्याच्या विटांचा हिशेब कागदावर होता. धक्क्यावर त्या दिवशी राबायला आलेल्या हमालांचा हिशेब कोणी ठेवावा?

आमचे ते आजोबा त्यातच गेले, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. आमच्याकडे पुरावा नाही. घरचे एक माणूस तेव्हा शोधायला मुंबईला गेले. एका कचेरीत त्यांना सांगितले, यादीत असे नाव नाही. बस्स. त्या एका वाक्यावर धाकट्या आजींनी साठ वर्षे काढली. यादीत नाव नाही, म्हणजे माणूस जिवंत आहे असे त्यांनी धरले. कपाळाचे कुंकू पुसले नाही. वटपौर्णिमेला सूत गुंडाळले. भावकीत काही कार्य निघाले, की बायका कुजबुजत, यांना ओटीला पुढे करावे की नाही? त्या आपण होऊन मागे सरत. सधवांत धड नाहीत, विधवांत धड नाहीत. आमच्या आत्याबाई म्हणत, "मेल्याचं दुःख वर्षभर, हरवल्याचं जन्मभर."

त्या वारल्या तेव्हा आम्ही त्यांची लाकडी पेटी उघडली. आत एक जुने धोतर घडी घालून ठेवलेले होते. कागद एकही नाही. आजोबांचे पूर्ण नाव, कोणत्या मुकादमाच्या हाताखाली ते होते, मुंबईत कोठे राहत, हे आम्ही घरात विचारू लागलो, तर प्रत्येकाने निराळे सांगितले. ज्यांना नक्की ठाऊक होते त्या धाकट्या आजी होत्या, आणि त्यांना हे कोणी कधी विचारलेच नव्हते. विचारले तर त्यांना दुःख होईल, असे सगळ्यांना वाटे. मला आता वाटते, विचारले असते तर त्यांना बरेच वाटले असते. आपले माणूस कोणाला तरी आठवते, एवढे तरी त्यांना कळले असते.

म्हणून माझे मागणे असे आहे.

त्या विमानांच्या शोधाची पुस्तके वाचून मी एक शिकले. शोध घेणाऱ्यांनी फार मोठी विद्या वापरली असे नाही. त्यांनी साधे प्रश्न विचारले. निघाले कोण? कोठून निघाले, कोठे जायचे होते? बरोबर कोण होते? शेवटचे कोणी पाहिले? आणि उत्तर लिहिताना पाहिलेले निराळे ठेवले, ऐकलेले निराळे ठेवले, आणि नुसते वाटलेले निराळे ठेवले. चर्चिलच्या नावाची वदंता इतकी वर्षे टिकली, ती वाटलेले आणि पाहिलेले एकात एक कालवल्यामुळे. 'काश्मीर प्रिन्सेस'चा निकाल लागला, तो समुद्रातून वस्तू काढून समोर ठेवल्यामुळे. तांदूळ निवडताना आपण खडे बाजूला काढतोच की, तसेच हे.

आपल्या मंडळाने या वर्षी एक जाड वही घालावी. आपल्या गावातून, आपल्या भावकीतून जे कोणी गेले आणि परतले नाहीत, त्यांची नावे तिच्यात लिहावीत. कोणी रझाकारांच्या दंग्यात घर सोडून गेले, कोणी पलटणीत गेले, कोणी ऊसतोडीला गेले, कोणी १९९३ च्या भूकंपाच्या रात्री सास्तूर-किल्लारीच्या बाजूला पाहुणे म्हणून मुक्कामाला होते. घराघरांत जाऊन म्हाताऱ्या माणसांपाशी बसावे आणि हे चार प्रश्न विचारावेत. घाई करू नये. त्यांना रडू आले तर रडू द्यावे. जुना फोटो असेल तर त्याच्या मागे शिसपेन्सिलीने नावे लिहून ठेवावीत. कोण कोण आहे हे सांगणारे माणूस नेहमी राहत नाही.

आणि बायकांची नावे लिहिताना 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढ्यावर भागवू नये. तिचे स्वतःचे नाव, माहेरचे नाव, सासरचे नाव, तिन्ही लिहावीत. रोथा हचिअनचे नाव यादीत होते, म्हणून आज ८० वर्षांनी धाराशिव जिल्ह्यातील एक सातवी शिकलेली बाई ते आपल्यापुढे घेऊ शकली. आपल्या गावातल्या बाईचे नाव तिच्या नातीला तरी घेता यावे, यात फार मागितले असे होत नाही.

पहिले नाव मी लिहीन म्हणते, धाकट्या आजींचे आणि त्यांच्या यजमानांचे. जे नक्की ठाऊक आहे ते एका बाजूला, जे ऐकीव आहे ते दुसऱ्या बाजूला. पुढचे पान आपल्यापैकी कोणीही घ्यावे. वही पुढच्या बैठकीला मी घेऊन येईन. शाई-पेन आपापले आणावे.